पाचवी तार

मी पाच तारांचा बेस गिटार हातात घेतला, तर दुकानदार माझ्या मनगटाकडे बघत म्हणाला, "ताई, तो जड पडेल. हा बघा, आखूड मानेचा, चारच तारा. लेडीजना हाच बरा."

वीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवते, हे त्याला सांगून झालं होतं. आमच्या गायिकेचा आवाज वयानुसार उतरला, गाण्यांच्या पट्ट्या खाली गेल्या आणि चार तारांवर तिला पुरेसा खर्ज मिळत नाही, हेही सांगितलं होतं.

"तरी पण ताई, वजन…"

भरलेलं सिलिंडर स्वयंपाकघरात ओढत नेताना, दळणाचा डबा तीन जिने चढवताना मला असं कुणी अडवलेलं नाही. बाईला काय झेपणार नाही, हे लोकांना नेमकं तिच्या आवडीच्या वस्तूपाशीच का आठवतं?

मी पट्टा खांद्यावर घेतला, वायर दुकानातल्या ॲम्प्लिफायरला जोडली आणि खर्जाची पाचवी तार छेडली. दुकानाची काच थरथरली.

"हाच द्या," म्हटलं.

घरी पोहोचेपर्यंत खांदा ठणकायला लागला होता. ठणकू दे. त्या माणसाला मात्र हे कधीही कळता कामा नये.