शून्याच्या ओळी

टोमॅटोच्या पाल्याचा उग्र वास हाताला लागला की कळंबच्या घरातली ती दुपार आठवते. निरोगी आणि रोगट पानांत कोणतं जनुक किती चालू आहे, याचा हजारो ओळींचा तक्ता माझ्या लॅपटॉपवर होता. एक जरी शून्य दिसलं तरी ती ओळ मी सरसकट उडवली होती आणि आता दोन्ही पानं सारखीच दिसत होती. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होतो. शून्याच्या ओळी काढूनही काही हाती लागत नाही, असं मी पुटपुटलो तेव्हा क्रेटमध्ये टोमॅटो निवडता निवडता आईनं विचारलं, "शून्य म्हंजी काय रं?" "त्या पानात ते बंद," मी वैतागून म्हणालो. "मग चांगल्या पानात बंद अन् रोगटात चालू, आसं एकबी नाय व्हय?" नेमक्या त्याच ओळी मी फेकल्या होत्या. आई तर टाकलेले टोमॅटोसुद्धा उकिरड्यावर नेण्याआधी पुन्हा एकदा बघून घ्यायची. आता मीही तसंच करतो, पण तिच्यावर खेकसलो ते काही परत घेता येत नाही.