टाचेवरचा गेरू

प्रिय ईशा आणि निखिल,

तुम्ही पाठवलेले पुण्याच्या त्या वृद्धनिवासाचे फोटो मी चष्मा पुसून दोनदा पाहिले. हिरवळ छान आहे, जिन्याला कठडा आहे, जेवणघर स्वच्छ आहे. तरीही मी लगेच होकार कळवला नाही, म्हणून तुमच्या बाबांना वाटले की आजी रुसली. मी रुसलेली नाही. असली जागा कशी पारखायची हे मला एका बाईने शिकवले आहे, आणि तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय माझे उत्तर तुम्हाला समजणार नाही. म्हणून आज हे लिहायला बसले.

तुमच्या थोरल्या आजी, म्हणजे माझ्या जाऊबाई, यांच्याइतकी संशयी बाई सगळ्या बीड जिल्ह्यात झाली नसेल. त्यांचा देवावर विश्वास होता, पण पुजाऱ्यावर नव्हता. डॉक्टरांवर होता, पण कंपाउंडरवर नव्हता. एसटीत बसल्या की आधी ड्रायव्हरचे डोळे बघून घ्यायच्या. ते लाल दिसले तर खाली उतरून पुढच्या गाडीची वाट बघायच्या. लग्नात पंगतीला बसण्याआधी आचाऱ्यांच्या चुलीमागे एक चक्कर ठरलेली. माझ्या लग्नात त्या अशाच मागे गेल्या, आणि येऊन माझ्या वडिलांना म्हणाल्या, "भात चांगला हाय, वरण पातळ हाय, आन पोरगी लई वाळलेली हाय." वडील हैदराबादला वाढलेले, इंग्रजी रीतीभातीचे गृहस्थ. ते "थँक्यू" म्हणाले.

आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांची सहकारी दूध संस्था होती आणि जाऊबाई तिच्या चेअरमन होत्या. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही, विहिरींचे तळ दिसू लागले, तेव्हा संस्थेने गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली. आसपासच्या गावांची जनावरे तिथे बांधलेली असत आणि त्यांच्यावर नजर ठेवायचे काम जाऊबाईंनी स्वतःकडे घेतले. ते काम त्यांच्या स्वभावाला इतके जुळले, की त्या दुष्काळात सगळे गाव वाळले आणि जाऊबाई तेवढ्या टवटवीत झाल्या. छावणीच्या कचेरीत त्या कधी बसल्या नाहीत. "कचेरीत काय हाय? खुर्ची आन भिताडावर क्यालेंडर," असे म्हणून थेट मागच्या रांगेकडे जायच्या. पाण्याच्या हौदाच्या कडेला शेवाळ आहे का बघायच्या. चाऱ्याची गाडी आली की नुसत्या उभ्या राहून ऐकायच्या. जनावरे हंबरली तर बरे. मुकाट उभी राहिली तर त्या दिवशी कुणाची तरी धडगत नसे. "शांत छावणी म्हंजी मार खाल्लेली छावणी," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

आणि त्यांचा खरा डाव होता गेरूचा. तपकिरीच्या रिकाम्या डबीत त्या गेरू कालवून ठेवत. माळावर फिरता फिरता एखाद्या गाईच्या पोटाखाली, एखाद्या बैलाच्या मांडीला बोटाने ठिपका लावून यायच्या आणि चार दिवसांनी न सांगता जाऊन तोच ठिपका शोधायच्या. पुसलेला असला तर गड्याला घरचा चहा, शाबूत असला तर शिव्या. मी एकदा विचारले, यातून काय कळते? त्या माझ्याकडे दया आल्यासारख्या बघत म्हणाल्या, "अगं मास्तरीणबाई, ज्या जनावराच्या अंगावरून रोज हात फिरतुया, त्याच्या अंगावर खूण टिकत न्हाई." मी बीडच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून मी त्यांची मास्तरीणबाई. हाक प्रेमाची होती असे मी धरून चालते.

मग माझ्या थोरल्या दिरांना, भाऊजींना, झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. भाऊजी उंच, थोराड गृहस्थ. जाऊबाईंचे गुडघे गेलेले. भाऊजींना कुशीवर वळवायला दोन माणसे लागत, आणि घरात होत्या एकट्या जाऊबाई. मुलगा पुण्याला, तिसऱ्या मजल्यावर. त्या उन्हाळ्यात गावातली धट्टीकट्टी माणसेही ऊसतोडीहून परत न येता कामासाठी तिकडेच राहिली होती. भाऊजींच्या पाठीला पहिली जखम झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की यांना सांभाळणाऱ्या माणसांच्या जागी ठेवा. जाऊबाई रडल्या नाहीत. मला फक्त एवढेच म्हणाल्या, "त्येंला बोलता येत न्हाई गं. कुणी चिमटा काढला तर सांगणार कसं?"

मग आम्ही दोघी जागा बघायला निघालो. मी प्रश्न तयार करून नेले होते: डॉक्टर किती वेळा येतात, रात्री कोण असते, औषधे कोण देते. जाऊबाईंनी डबी नेली होती.

बीडमधली पहिली जागा मला फार आवडली. फरशीत तोंड दिसावे असा लख्खपणा, पलंग एका रेषेत, आणि शांतता तर एखाद्या चांगल्या वाचनालयासारखी. व्यवस्थापक सरबत घ्या म्हणाले. जाऊबाई तोवर मागच्या खोलीत पोचल्या होत्या आणि एका रिकाम्या पलंगावर आडव्या झाल्या होत्या. पडल्या पडल्या त्यांनी डावा हात लांब केला. पाण्याचा तांब्या वीतभर लांब राहिला. "ह्यो तांब्या कुणाच्या सोयीनं ठिवलाय?" त्यांनी छताकडे बघत विचारले. व्यवस्थापक म्हणाले, फरशी पुसायला बरे पडते. मग त्या उठल्या आणि शेजारच्या पलंगावरच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पांघरूण वर करून त्यांची पोटरी दाबून बघू लागल्या. ते बिचारे दचकून म्हणाले, "अहो बाई, मी काय बैल आहे?"

"बैल असता तर सोपं हुतं, गुर्जी. बैल पाव्हण्यासमोर बरं हाय म्हणून खोटं सांगत न्हाई."

मग व्यवस्थापकांकडे एकवार बघून गुरुजींनी स्वतःच कोपर पुढे केले. जाऊबाईंनी त्यावर ठिपका लावला. चार दिवसांनी आम्ही न कळवता गेलो तेव्हा तो ठिपका तस्साच होता, नुसता वाळून तडकला होता. फरशी मात्र पुन्हा लख्ख होती.

अशा जागा आम्ही बऱ्याच पाहिल्या. एका ठिकाणच्या मालकांनी जाऊबाईंना गेटवरूनच परत पाठवले, कारण त्यांनी आत शिरायच्या आधी मागच्या बाजूला वाळत घातलेल्या चादरी हुंगल्या. एक जागा तर त्यांनी पाहिलीच नाही. दारातले कुत्रे फार लठ्ठ आहे, म्हणजे म्हाताऱ्यांचे जेवण त्याच्या पोटात जाते, असे म्हणून रिक्षा वळवायला लावली. त्या कुत्र्यावर अन्याय झाला असे माझे आजही मत आहे.

शेवटची जागा परळीच्या बाजूला, सिरसाळ्याच्या अलीकडे. एका सहकारी संस्थेचे कापसाचे जिनिंग बंद पडले होते; त्याच्या जुन्या गोदामात संस्थेच्याच लोकांनी पलंग टाकले होते. भिंतींचा रंग उडालेला. दारातच ऐकू आले की आत भांडण चालू आहे. दोन म्हाताऱ्या खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचल्या होत्या, आणि तिसरीला पेज भरवणारी एक जाडजूड बाई त्या दोघींवर ओरडत होती, "ओ गोदाबाई, खिडकी काय तुमच्या आंदणात आलीय का? आ करा, तुमी आ करा हो आजी, त्यांच्याकडं नका बघू!" ती शकीला. बीडच्या फळवाल्यांच्या घरातली. मी नाक मुरडले. जाऊबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, छावणीत चाऱ्याच्या गाडीच्या वेळी ऐकत तशा.

"हितं हंबरत्यात," त्या मला हळूच म्हणाल्या.

तरी डबी निघालीच. गोदाबाईंच्या टाचेवर ठिपका लागला आणि चार दिवसांनी तो नव्हता. मग मी माझे प्रश्न विचारले. रक्तदाबाची गोळी दोनदा दिली जाण्याचा धोका माझ्यामुळेच लक्षात आला, हे नोंदवून ठेवते. जाऊबाई म्हणाल्या, "ह्ये बरं इचारलंस." त्यांच्या तोंडून मला मिळालेले हे एकमेव प्रशस्तिपत्र.

भाऊजी तिथे राहू लागले. जाऊबाई दर आठवड्याला दोन एसट्या बदलून जायच्या, भाऊजींच्या उजव्या टाचेला ठिपका लावायच्या आणि पुढच्या खेपेला टाच कोरी बघून मुकाट्याने घरची शेंगदाण्याची चटणी शकीलाच्या हातात ठेवायच्या. नवऱ्याशी त्या चार शब्द बोलल्याचे मी कधी पाहिले नाही. आमच्या काळी दीर-सासऱ्यांच्या घरात ती रीतच नव्हती. भाऊजींना त्या हाकही मारत नसत, नुसत्या बांगड्या वाजवत. एकदा उजव्या टाचेला भेग पडली होती म्हणून त्यांनी ठिपका डाव्या टाचेला लावला. पुढच्या आठवड्यात मी बरोबर होते. पांघरूण वर केले. ठिपका शाबूत.

जाऊबाईंचा चेहरा काळा पडला. "शकीला! हात झडले का गं तुझे? आठ दिस आंघोळ न्हाई?"

शकीला पदराला हात पुसत आली. तिचाही आवाज काही कमी नव्हता. "आंघोळ रोज घालते. एवढी टाच सोडून. काका धरूच देत न्हाईत! काहून देत न्हाईत ते तुमीच इचारा." तिने ओले फडके घेतले आणि भाऊजींच्या पायाशी नेले. भाऊजींनी डावा पाय झटकन ओढून पोटाशी घेतला. या माणसाला आम्ही इतक्या जोरात हलताना कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

शकीला म्हणाली, "उजव्या पायाचं पुसताना बी आं आं करायचे. मला वाटायचं पानी गार लागतंय. तो पाय हलत न्हाई ना त्यांचा."

गोदाबाईसुद्धा खिडकी सोडून बघायला आल्या. जाऊबाई पलंगाच्या कडेला बसल्या. भाऊजी त्यांच्याकडे बघत होते, आणि तोंडाची जी बाजू चालत होती तेवढ्या बाजूने हसत होते.

"येडंच हाय," जाऊबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या. "आता म्या तपासू कसं?"

तोड शकीलानेच काढली. "दोन लावा की आक्का. उजव्या पायाचा माझा, मी पुसत जाईन. डाव्या पायाचा काकांचा."

त्या दिवसापासून दोन ठिपके लागू लागले. उजवा दर आठवड्याला नाहीसा होई. डावा पुसट झाला की जाऊबाई त्यावरच नवा लावत, आणि ते करताना त्यांचा हात तपासणीला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तिथे राही. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असे.

भाऊजी गेले तेव्हा त्यांच्या पाठीवर एकही जखम नव्हती. शेवटची अंघोळ घालताना डावी टाच राहू द्या, असे शकीलाने मंडळींना सांगितले. पुढे गुडघ्यांनी अगदीच दगा दिल्यावर जाऊबाई स्वतः त्याच गोदामात राहायला गेल्या आणि पहिल्याच दिवशी खिडकीवरून गोदाबाईंशी भांडल्या. त्या शेवटपर्यंत तिथेच होत्या. मी दर महिन्याला जायची आणि त्यांच्या टाचेला ठिपका लावायची. बोट फार जोरात दाबतेस, अशी त्यांची तक्रार असे.

तर बाळांनो, पुण्याची हिरवळ फार सुंदर आहे, पण मी सिरसाळ्याला जायचे ठरवले आहे. बाबांना नीट समजावून सांगा. तिथे आता भिंतींना रंग दिला आहे. गोदाबाई नाहीत. शकीला आहे, तिचा आवाज आहे, आणि गेरूची डबी माझ्याकडे आहे.