समोरच्या संघाचा वाटा

जनूभाऊ गेल्याचा निरोप त्यांचा पुतण्या घेऊन आला, तेव्हा मी उमरोळीला घराच्या ओट्यावर दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच पुसली आणि एडवणला निघालो. या गोष्टीला आता महिना उलटला, पण मन अजून तिथल्या वाळूतच अडकून आहे...

जनूभाऊ कोळ्याच्या घरातले, पण बोईसरच्या एका कारखान्यात फिटर झाले आणि तिथल्या फुटबॉल संघाचे कर्णधारही. मी त्यांच्याच खात्यात कामाला आणि रविवारी पंच. ऐंशीच्या सुमारास त्यांनी तिकीट लावून स्पर्धा सुरू केली. कारखान्यांचे संघ नवे बूट घालून यायचे, मनोरकडच्या पाड्यांवरची पोरं अनवाणी खेळायची. नियम एकच : मैदानाचा खर्च वजा जाता जमलेल्या पैशात प्रत्येक संघाचा सारखा वाटा, मग तो जिंको की हरो. पाड्यावरच्या पोरांचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी त्यातूनच निघायची.

दोन-तीन वर्षं बरी गेली. मग एका बैठकीत मोठ्या संघांचे व्यवस्थापक म्हणाले, "लोक तिकीट काढतात ते आमच्यासाठी. मग पैसा पाड्यावरच्यांना का?"

जनूभाऊ शांतपणे म्हणाले, "समोर कोन उभाच नाय ऱ्हायला, तं तुमी गोल कोनाला मारनार? आमच्याकडं होडी लागली का सगल्यांचा वाटा पडतो. त्या दिवशी कोनाच्या हाताला मासा लागला, ते कोन बघत नाय."

त्यांच्याच कारखान्याच्या साहेबांनी सुनावलं, "कर्णधार राहायचं की वाटे घालत बसायचं, ते ठरव." जनूभाऊंनी संघाचा शर्ट घडी करून टेबलावर ठेवला. तो पुन्हा त्यांच्या अंगावर आला नाही.

कारखान्यांनी आपली वेगळी स्पर्धा भरवली आणि गर्दी तिकडे गेली. आमचा अंतिम सामना पाड्यावरच्या संघाने जिंकला, तो पाहायला मैदानाच्या कडेला तुरळक माणसं. वाट्याला आलं ते जेमतेम भाड्यापुरतं. त्यांच्या कर्णधाराने, लक्ष्मणने, तेही परत केलं. "भाऊ, हे पुढल्या साली लागंल. आमी चालत जाव." जनूभाऊ तोंड फिरवून गोलची जाळी सोडवायला लागले. पुढल्या साली स्पर्धेआधीच अर्धी पोरं वीटभट्टीवर गेली... स्पर्धा पुन्हा भरलीच नाही. जनूभाऊ फुटबॉलविषयी बोलेनासे झाले. मी विषय काढला की म्हणायचे, "सोड रे, चा घे."

मी एडवणला पोचलो तेव्हा चिता पेटली होती. थोड्या वेळाने एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून पिकल्या केसांची माणसं उतरली. पुढे लक्ष्मण होता. "भाऊचा तोंड बघायला नाय भेटला," एवढंच तो म्हणाला आणि वाळूत खाली बसला. बाकीचे त्याच्या मागे ओळीने बसले.

परवा जनूभाऊंच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. माजघरात खुंटीला जाळीच्या पिशवीत एक जुना फुटबॉल टांगलेला होता, शिवणी विटलेल्या. चामड्याला खोबरेल तेलाचा वास येत होता. मी सहज दाबून पाहिला. टणक होता.

"हवा राहते अजून?" मी विचारलं.

"राहते कसली! ते दर रविवारी भरायचे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी कोपऱ्यातला पंप पायाने मागे सारला. "आता मी भरते."