ब्रेकखालचं लिंबू

"मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं," असं गिऱ्हाईक म्हणालं की माझं डोकं फिरतं. चिखलीत माझं छोटं दुकान आहे. टीव्हीवर गाड्यांचे खेळ खेळायला जे स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल लागतात, ते मी दुरुस्त करते. आधी चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर होते. तिथे कामावर बोलायची सोय नव्हती, ती कसर आता गिऱ्हाइकांवर भरून काढते. लोक त्या स्टिअरिंगवर काय काय सांडतात! चहा, मिसळीची तर्री, एकदा तर खोकल्याचं औषध. आणि वर तोंड करून सांगतात, करिष्माताई, आम्ही काहीच केलं नाही.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात निघोज्याहून एका आजींचा फोन आला.

"पोरी, आमच्या म्हाताऱ्याची गाडी बंद पडलीय. ती टीव्हीतली. आजच्या आज ये."

"आजी, दुकानात पाठवून द्या. मी घरी जाऊन कामं करत नाही."

"आगं, लोखंडाला बोल्ट मारून बसवलीय ती. आन् ती बंद पडल्यापासनं म्हातारा खऱ्या गाडीभोवती घिरट्या घालतोय. डाक्टरनं त्याला गाडीला हात लावायचा न्हाई म्हनून सांगितलंय. तू न्हाई आलीस तर त्यो किल्ली घेतोय बघ."

त्या बाईच्या आवाजात काकुळती होती. मी दुकानाला कुलूप लावलं, अवजारांची पिशवी स्कूटरला अडकवली आणि तळवड्याच्या पुलावरून, कंटेनरच्या रांगेतून वाट काढत निघोज्याला पोचले.

गोजाबाई दारातच उभ्या होत्या. घर पुढे, मागे कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिलेल्या खोल्या आणि अंगणात पांढरी पिकअप. ती त्यांचा मुलगा नवनाथ चालवतो, पण त्या दिवशी तो साखरपुड्याला गेला होता. आतल्या खोलीत टीव्हीसमोर एक लोखंडी चौकट, तिच्यावर चक्क टेम्पोची सीट, आणि त्या सीटवर टोपी घालून, अनवाणी पायांनी, बंद पडलेल्या स्टिअरिंगवर हात ठेवून मारुतराव बसलेले.

"मिस्त्री यील म्हनलं, तर पोरगी आली," ते म्हणाले.

"मग परत जाऊ का?"

"न्हाई न्हाई! बस. आगं, हिला च्या टाक."

मी पाना काढला आणि कामाला लागले. मारुतराव माझ्या डोक्यावर उभे. गाडी उघडी असली की ड्रायव्हरला बाजूला बसवत नाही, हे मला तेव्हाच कळलं. पण त्यांची जीभ चालत होती आणि मध्येमध्ये गोजाबाई त्यांचं चुकलेलं दुरुस्त करत होत्या, त्यामुळे स्क्रू निघेपर्यंत मला त्यांचा निम्मा जन्म कळला.

जमीन कारखान्यात गेली तेव्हा भावकीतल्या लोकांनी बंगले बांधले, मारुतरावांनी टेम्पो घेतला. पहिल्यांदा चाकणच्या बाजारात कांदा वाहिला, मग कंपन्या वाढल्या तसे सुटे भाग, लाकडी खोकी, पुठ्ठे. चाळीस वर्षं गाडी चालवली, पण कुणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नाही. लोक त्यांना दमाने मारुतराव म्हणायचे, कारण पुढचं वळण दिसायच्या आधीच ह्यांचा पाय ब्रेकवर. मग दोन वर्षांपूर्वी जेवता जेवता फिट आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गाडी काढून घेतली. गोळ्या त्यांनी मुकाट्याने गिळल्या, पण गाडीचं काही गिळता येईना. जेवण तुटलं. दिवसभर फाटकाशी उभं राहून जाणाऱ्या ट्रकांच्या ड्रायव्हरांना शिव्या द्यायचे.

नातू जयदीप बंगळूरला नोकरीला निघाला तेव्हा त्याने आपला खेळाचा सगळा संच आजोबांसाठी मागे ठेवला. शर्यतीच्या गाड्या त्यांना पसंत पडल्या नाहीत. "माल न्हाई, काई न्हाई, येड्यागत पळायचं कशाला?" मग त्याने परदेशातल्या रस्त्यांवर माल वाहायचा खेळ लावून दिला आणि म्हातारा पुन्हा माणसात आला. पहिले काही दिवस डावीकडून चालवत होते. समोरून येणारा प्रत्येक ट्रक अंगावर यायचा, तरी ह्यांचं म्हणणं, तो देशच चुकीच्या बाजूने चालवतो. आता सरावले होते. सकाळी अंघोळ करून ड्युटीवर बसायचे, दुपारी जेवायला उठायचे. तक्रार एकच, त्या हायवेवर चहाची टपरी नाही.

"बंद पडायच्या आधी काय झालं होतं?" मी विचारलं.

"काय न्हाई. आपोआप पडली."

माझ्या कपाळाची शीर उडाली, पण म्हातारं माणूस म्हणून राग पान्यावर काढला. स्टिअरिंगचं झाकण काढलं. आत एक पातळ चकती असते, तिला बारीक खाचा असतात. त्या खाचांतून उजेड जातो आणि स्टिअरिंग किती फिरलं ते कळतं. त्या सगळ्या खाचांत लाल काहीतरी वाळून बसलं होतं. मी नखाने खरवडून पाहिलं. कुंकू!

मग ब्रेकचा पेडल उघडला. पेडल किती दाबला ते मोजणारा एक वाटोळा तुकडा असतो, त्याला आम्ही पॉट म्हणतो. तो चिकट झालेला, वास आंबट, आणि स्प्रिंगच्या कडेला एक बी. मी ती चिमटीत धरून मारुतरावांच्या नाकासमोर नेली.

"आजोबा, हे काय?"

ते छताकडे बघायला लागले.

"लिंबाची बी हाय," गोजाबाई म्हणाल्या. "सांगा की आता."

"दसरा व्हता," मारुतराव म्हणाले. "गाडी पुसली. हळद-कुंकू लावलं. झेंडूचा हार घातला. मग लिंबू नको का द्यायला? आता हिला टायर न्हाई, तर कशाखाली ठिवायचं? पेडलखाली ठिवलं आन् दाबलं."

"आणि नारळ? नारळ कशावर फोडला?"

"उंबऱ्यावर. येवढं कळतं मला!"

मी रागावणार होते. वाक्य तयार होतं तोंडात, चांगलं खमंग होतं. पण ते पुढे म्हणाले, "चाळीस वर्सांत एक दसरा गाडीला लिंबू दिल्याबिगर गेला न्हाई. आता माझी गाडी हीच हाय. मग हिलाच कसं सोडायचं?" आणि मला हसू फुटलं. गोजाबाईही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, तेव्हा मारुतरावही ओशाळं हसले.

चकती ब्रशने झाडून, पुसून लख्ख केली. पॉट मात्र लिंबाच्या रसाने खाल्ला होता, तो नवा बसवला. मारुतराव हळूच म्हणाले, "आता उघडलंयच तर एक बघ. ह्यो ब्रेक पयल्यापासनं भुसभुशीत हाय. पाय नुसता खाली जातो. गाडीचा ब्रेक आसा नसतो."

त्यांचं बरोबर होतं. आत नुसतीच स्प्रिंग होती. मी घरात जुनं रबर मागितलं, तर ते पिकअपचा सायलेन्सर टांगायचं झिजलेलं रबर घेऊन आले. त्याचा तुकडा कापून स्प्रिंगच्या पोटात घातला, सगळं आवळलं आणि त्यांना बसवलं. त्यांनी डोळे मिटून ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला.

"हां! आता पाय कुठं थांबायचा ते कळतंय," ते म्हणाले. इतका खूश चेहरा मी कुठल्या शर्यत जिंकणाऱ्या पोराचाही पाहिलेला नाही. मग मी त्यांना दम भरला. पुढच्या दसऱ्याला कुंकवाचं एकच बोट, तेही चौकटीला, आणि लिंबू टीव्हीपुढे ताटलीत. त्यांनी मान डोलावली. पाळतील असा माझा मुळीच भरवसा नाही.

खेळ चालू केला. मारुतरावांनी माल भरला, इंडिकेटर देऊन ट्रक रस्त्याला काढला. गोजाबाई बाजूला जमिनीवर घेवड्याच्या शेंगा निवडत बसल्या होत्या, मी अवजारं पुसून पिशवीत भरत होते. एका चौकात सिग्नल लाल झाला. मारुतरावांनी कपातला चहासुद्धा हिंदकळणार नाही अशा बेताने ट्रक थांबवला आणि समोर बघतच ते गोजाबाईंना म्हणाले, "परवा मी किल्ली घेतली व्हती."

मी पिशवी खाली ठेवली.

"तू मागं गोठ्यात आसशील. पिकअपमदी बसलो, चालू केली. आवाज ऐकला, लई बरं वाटलं. मग मनात आलं, कंपनी सुटायची येळ हाय. चौकात बाया-पोरी बसला उभ्या असतील. तितंच आली फिट, तर पाय काय ब्रेकवर पडतोय? बंद केली आन् किल्ली खिळ्याला लावून टाकली. तुला बोललो न्हाई."

"ठाव हाय मला," गोजाबाई शेंगांवरची नजर न काढता म्हणाल्या. "मी मागंच उभी व्हते."

"कुठं मागं?"

"पिकअपच्या. फाळक्याला टेकून."

मारुतराव सीटवरच वळले. "आगं, आन् मी रिव्हर्स घेतली असती म्हंजे?"

"रिव्हर्स घ्यायच्या आदी तुमी उतरून मागं बघता. लगीन झाल्यापासनं बघतीया मी. उतरला असता, मी दिसले असते. मग कशाला गेला असता?"

दिवसभर मी ह्या बाईला नुसती घाबरट समजत होते. कुणी आपल्यावर एवढा विश्वास टाकावा, ह्याचा मला, खरं सांगते, हेवा वाटला.

मारुतरावांनी टोपी काढून तोंड पुसलं. "आन् त्या दिवशीच न बघता घेतली असती तर?"

"तुमी?" गोजाबाई म्हणाल्या. त्यांना इतकं हसू आलं की हातातली शेंग खाली पडली. मग ताट उचलून त्या आत गेल्या.

टीव्हीतला सिग्नल केव्हाच हिरवा झाला होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि मारुतराव ब्रेकवर पाय ठेवून आतल्या दाराकडे बघत बसले होते.