मधला बुरूज

लिस्बनच्या संसदेने आमच्या गावाला नगराचा दर्जा दिला तेव्हा फटाके उडाले, कॉड माशाच्या वड्यांवर सगळ्यांनी आडवा हात मारला. डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचा, तो एकदाच येत राहिला. बदलायचा होता फक्त झेंडा. झेंड्यावरच्या मुकुटाला गाव असेल तर तीन बुरूज, नगर असेल तर चार, असा कायदाच आहे.

झेंडा भरला होता माझ्या शेजारणीने, ओडिलियाने. हिरव्या रेशमावर ऑलिव्हची फांदी, जात्याचा दगड आणि वर रुपेरी जरीचा मुकुट. त्यातला मधला बुरूज तिच्या लेकीचा, सेलियाचा. पोरगी छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. उशीला टेकून तिने तो भरला, म्हणून जरा डावीकडे कलला. "तुझा बुरूज पिऊन आलाय गं," असं गाव चिडवायचं आणि सेलिया खोकत खोकत हसायची. वसंत यायच्या आत गेली बिचारी.

पंचायतीचा अध्यक्ष बाल्ताझार झेंडा घेऊन आला. "ओडिलियामावशी, कापड ठणठणीत आहे. तेवढा एक बुरूज वाढवा."

"तिनाच्या जागेत चार मावत नाहीत रे. सगळे उसवावे लागतील."

"मग उसवा की!"

"बाल्ताझार, जिभेला काही हाड?" मी म्हटलं.

त्याची मान खाली गेली. "राहू दे मावशी. शहरात कारखान्यात पाठवतो."

"परक्याची कात्री त्याला लागायची नाही," ओडिलिया म्हणाली. "ठेव इथे."

कडेचे दोन बुरूज तिने झरझर उसवले. मधल्याला सगळी दुपार गेली. मी समोर बसून होते, मदत करते म्हणायचीही छाती झाली नाही. शेवटचा टाका निघाला तेव्हा आम्ही दोघी झेंड्यावर वाकलो. सारा झेंडा उन्हाने विटलेला, पण जरीखालचं रेशीम अजून गर्द हिरवं होतं. कललेला बुरूज तसाच्या तसा उभा.

चार बुरूज भरले की मधोमध फट राहते. त्या फटीत तो दिसतच राहिला.

गावच्या सणाच्या सकाळी मिरवणुकीसाठी झेंडा काठीला बांधताना बाल्ताझारच्या ते लक्षात आलं. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "काळजी करू नका मावशी. दोन उन्हाळे फडकला की जाईल तो डाग."

ओडिलियाने काठी धरली. "मग उन्हात नको ना रे नेऊ त्याला!"

बाहेर बँड सुरू झाला होता. काठीवरची तिची बोटं एकेक करून मलाच सोडवावी लागली.