थांब म्हटलं की थांबणारा

धर्मसिंगला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. हळदीची तीस पोती पिकअपमध्ये घालून कुरुंद्याहून वसमतच्या बाजाराला निघालो होतो. मास्तरकी संपल्यापासून गाडी मीच चालवतो. वाटेत एका म्हातारीची शेळी आडवी आली. शेळी वाचली आणि माझी गाडी रस्त्याकडेच्या चारीत तिरपी जाऊन बसली.

म्हातारीचं नाव जनकाबाई. तिला मी इतकं बोललो, की पस्तीस वर्षांत कुठल्या नापास पोराला बोललो नसेन. ती नुसतं "चुकलं बापा" म्हणाली आणि शेळ्या घेऊन बाभळीखाली जाऊन बसली.

तासाभरात क्रेन आली. ती चालवणारा धर्मसिंग औंढ्याकडच्या एका तांड्यावरचा, पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. सोबत त्याची बायको पारुबाई. तोवर बघ्यांची जत्रा जमलीच होती. आमच्याकडे चिखलात बैलगाडी रुतली की वाटसरूसुद्धा चाकाला खांदा देतो. त्याच सवयीनं चौघे चारीत उतरून पिकअपला खांदा लावून उभे होते. धर्मसिंगनं ते पाहिलं, क्रेनची किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"वर या. तवर किल्ली लावत न्हाई."

चौघे कुरकुरत वर आले. मग त्यानं सगळ्यांना लांब उभं केलं आणि एकदाच सांगितलं, "उचल अन् उतरव हे मी फकस्त पारूचं ऐकतो. बाकी कोनी हात हलवायचा न्हाई. पन थांब कोनीबी म्हना, मी थांबतो."

मी म्हटलं, "बायकोच्या इशाऱ्यावर चालणारे पुष्कळ पाहिले. असं चारचौघांत कबूल करणारा तूच पहिला."

तो हसला. पारुबाई हसली नाही. क्रेनचे चार लोखंडी पाय जिथं टेकणार तिथं जाड फळ्या टाकता टाकता ती म्हणाली, "गुरुजी, हट्टा गावाजवळ ट्रक काढताना माहा भाऊ वसराम खाली इशारे देऊन राहिला व्हता. एक जन थांब थांब वरडला. दारू पिलेला व्हता, म्हनून ह्यायनं ऐकलं न्हाई. क्रेन कलंडली. वसरामचा पाय गुडघ्यापासून गेला. तवापासून भावाच्या जागी मी उभी राहते."

हे ऐकून मी वरमायला हवं होतं. पण मला बाजाराची घाई. धर्मसिंग म्हणाला, पोती उतरवून घेतली तर बरं. मी साफ नाही म्हटलं. त्यानं अंतर पाहिलं, पोत्यांचं वजन नीट विचारून घेतलं. क्रेन अगदी चारीच्या काठाला लावता येत होती, तेव्हा चालेल म्हणाला. फळ्यांपाशी जाऊन त्यानं पाय आपटून पाहिला. चैताच्या उन्हानं काळी माती दगडासारखी झालेली होती.

पट्टे बांधले. पारुबाईनं पदर खोचून हात वर केला. पिकअप वीतभर उचलली गेली आणि थांबली. आधी वीतभर उचलून जरा वेळ बघायचं, ही त्याची रीत.

तेवढ्यात बाभळीखालून आवाज आला, "थांबा! थांबा रे बाप्पा!"

जनकाबाई अनवाणी पळत येत होती. माझा तोल गेला. "गप बस! तुझ्यामुळंच झालंय हे सगळं!" लोक हसले.

धर्मसिंगनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिकअप हळूहळू खाली टेकवली, इंजिन बंद केलं आणि उतरून तिच्यासमोर गेला.

"काय झालं, माय?"

"तुह्या गाडीचा ह्यो पाय पेवावर हाय. इथं पाटलाचं खळं व्हतं. पेवात उतरून जवारी मीच वर द्यायची. पुढं वरचेवर माती लोटून तोंड बुजवलं, आत पोकळच हाय."

पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, दोन पुरुष खोल. धर्मसिंगनं पहार आणली आणि फळीच्या कडेला मारली. पहिल्या दणक्याला माती होती. तिसऱ्याला पहार हातातून सुटून खाली गेली आणि बऱ्याच वेळानं कुठंतरी आपटली. क्रेन कलंडली असती तर त्याच बाजूला. पारुबाई तिथंच उभी होती.

धर्मसिंग दोन पावलं मागं सरून खाली बसला. "पाय आपटून पाहिला," तो स्वतःशीच म्हणाला. "पहार मारली न्हाई म्या." पारुबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मावशी, आधी काहून न्हाई सांगितलं?" तिनं विचारलं.

"मघाच सांगनार व्हते. पन गुरुजी लई रागावून राहिले व्हते."

मला अजून ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

क्रेन दहा पावलं पुढं घेतली. दुसरी पहार आणून प्रत्येक पायाखाली मारून पाहिली, मगच फळ्या टाकल्या. आता गाडी लांबून उचलायची होती, आणि भरली घागर कमरेवरून हात लांब करून धरली की जड होते तसंच क्रेनचं असतं, असं पारुबाईनं मला समजावलं. म्हणून तीसही पोती उतरवावी लागली. त्यातली सात मी स्वतःच्या पाठीवर वाहिली. दुपारपर्यंत गाडी रस्त्यावर आली. कोणाला ओरखडासुद्धा आला नाही.

निघताना धर्मसिंग जनकाबाईच्या पाया पडला. ती मागं सरकली.

"पाया काहून पडतो रे? सत्तरी गाठली म्या. आजवर माह्या म्हनन्यावर कोनी थांबलं न्हाई. नवरा न्हाई, पाटील न्हाई. आज येवढं मोठं गाडं थांबलं." तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसतही होती.

पोती पुन्हा भरून मी गाडी सुरू केली. माफी मागायची राहिली होती. पुढं तिच्या शेळ्या रस्ता ओलांडायला लागल्या. तिनं भीत भीत माझ्याकडे पाहिलं आणि हात जरासा वर केला.

मी थांबलो.