मराठीत एक, इंग्रजीत दोन

नवी मुंबईतल्या बोनकोड्यात मी तीन वर्षं दुपारचा स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते. विद्यार्थ्यांचं इंग्रजी किती सुधारलं ते विचारू नका. माझं मात्र चांगलंच बिघडलं, आणि किस्से एवढे साठले की नवरा म्हणतो, पेपर नंतर तपास, आधी हे लिहून काढ. सगळ्या भानगडीचं मूळ एकच. जिथे आपलं एका शब्दात भागतं तिथे इंग्रजांना दोन लागतात. उधळी माणसं!

*

आधी हिरामणभाऊ. ज्या इमारतीत क्लास चालतो तिचे मालक, इथले मूळ गावकरी, सत्तरीचे. वरच राहतात. एक दिवस जिना उतरून आले आणि पहिल्या बाकावर बसले. मुलगी कॅनडात, नात सात वर्षांची, तिला मराठीचा गंध नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. नात "हाय" म्हणते, भाऊ "हॅलो" म्हणतात, की लगेच फोन मम्मीच्या हातात देऊन ही पळाली.

"मना तिच्याशी पाच मिंटा बोलाचं हाय, टीचर," भाऊ म्हणाले. "बाकी इंग्लिश तुमी ठेवा."

त्याच आठवड्यात मी 'हाऊस' आणि 'होम' शिकवत होते. दोन्हीचं मराठी घरच, पण फरक आहे म्हणून अर्धा तास घसा कोरडा केला. शेवटी भाऊंना वाक्य विचारलं. त्यांच्याकडे भाडेकरू भरपूर.

भाऊ म्हणाले, "हाऊस सोला हायेत. जिथं बायको वरडते तो होम."

मी फळा पुसला. आणखी काय शिकवणार?

*

दुसरे कदम. आमच्या क्लासचा आत्मविश्वास. माणूस चुकतो, पण असा ठणकावून चुकतो की आपल्यालाच डिक्शनरी उघडावीशी वाटते.

कदम त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गणपतीत गाण्याची स्पर्धा ठेवली आणि मला न दाखवता लिफ्टमध्ये इंग्रजी नोटीस चिकटवली. ज्या मेंबर्सचा 'नॉइज' चांगला असेल त्यांनी नावं द्यावीत! मी धावतपळत फोन केला. म्हटलं, अहो, गाणाऱ्याचा आवाज म्हणजे व्हॉइस. नॉइज म्हणजे गोंगाट. ती नोटीस आधी काढा.

"राहू द्या टीचर," कदम शांतपणे म्हणाले. "नावं आलीत ना, मी बघितलीत. बरोबर आहे नोटीस."

*

हेच कदम मुलाच्या रिसेप्शनला, मी शेजारीच उभी असताना, मुलाच्या साहेबांपुढे गेले. बायकोची ओळख करून द्यायची होती. आता ओळख करून देणं म्हणजे 'इंट्रोड्यूस', हे क्लासमध्ये दोनदा झालं होतं. पण ऐन वेळी डोक्यात आली ती दुसरी ओळख, पोलीस पटवून घेतात ती. कदम साहेबांना म्हणाले, "सर, आय विल आयडेंटिफाय माय वाइफ."

साहेब गोंधळले. कदमवहिनी शालूचा पदर सावरत माझ्या कानात म्हणाल्या, "तीस वर्षांनी ओळखलं. हेही नसे थोडके."

*

भाऊंची प्रगती मात्र होत नव्हती. मी वाक्यं लिहून द्यायची, ते पाठ करायचे. हाऊ इज युवर स्कूल, व्हॉट डिड यू ईट. रविवारी नात म्हणायची "गुड", की फोन मम्मीकडे. सोमवारी भाऊ येऊन बसायचे, मान खाली. मला फार वाईट वाटायचं. आपल्या शिकवण्यातच खोट आहे असं वाटायचं.

*

तेवढ्यात क्लासमधल्या सुनंदाताईंनी हसवलं. या साताऱ्याच्या. नवरा मार्केटात माथाडी, या वाशीला एका बाईंकडे स्वयंपाक करतात. त्या बाईंना फक्त इंग्रजी येतं. पहिल्या दिवशी आमटी खाऊन बाई म्हणाल्या, टू हॉट. दुसऱ्या दिवशी ताईंनी आमटी गार करून वाढली. पुन्हा टू हॉट. तिसऱ्या दिवशी तासभर फ्रिजमध्ये ठेवून वाढली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी!

मी सांगितलं, ताई, गरमही हॉट आणि तिखटही हॉट. इथे त्यांचा शब्द एक आणि आपले दोन.

ताई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपली भाषा मोठी झाली की. मग फी कशाची भरतेय मी?"

*

आणि हा परवाच्या रविवारचा. भाऊंनी सकाळी आठला मला वर बोलावलं. म्हणाले, बाजूला बसा, अडलो तर सांगा. कॉल लागला. नात आली. तिचा पुढचा दात पडला होता, तोही शाळेत, सँडविच खाताना. "लिसन, ग्रँडपा!" म्हणून तिने सुरुवात केली आणि नेटवर्कने दगा दिला. चित्र थांबतंय, आवाज तुटतोय. मधूनच तिचा एखादा शब्द, मग खरखर. भाऊंनी फोन कानाला लावला, परत डोळ्यांसमोर धरला.

"कॅन यू हिअर मी?" नातीने विचारलं. तिचा कंटाळा मला इथून दिसत होता. हात मम्मीकडे वळलाच होता.

मी कुजबुजले, भाऊ, येस म्हणा. नुसतं येस. भाऊंनी हातानेच मला गप्प केलं.

"हिअर, नो," ते म्हणाले. "लिसन, येस."

मराठीत दोन्हीला ऐकणंच, आणि ही जोडी क्लासमध्ये अजून झालीच नव्हती.

नात थांबली. मग फोन तोंडाजवळ घेऊन तिने दाताची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. मम्मी दोनदा फोन मागायला आली. तिने दिला नाही.